हिरो नसलेला सिनेमा

मला सिनेमातलं कळतं, हा तुमचा गैरसमज आज दूर करतो. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमावर मी आमच्या अवधपुरी वसाहतीच्या मराठी ग्रुपवर चार ओळी टाकतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या रविवारी टाकलं, "पोस्टरभर हिरो, पण अख्ख्या सिनेमात तो एकदाही दिसत नाही. दिग्दर्शकाच्या हिमतीला दाद!"

बायकोने ते वाचलं, माझ्या खिशातून तिकीट काढलं आणि शांतपणे विचारलं, "हे तीन नंबरच्या स्क्रीनचं आहे. तुम्ही बसला होतात कुठे?"

दोन नंबरला. पॉपकॉर्नच्या रांगेत सुरुवात हुकली आणि अंधारात मी भलत्याच दारातून आत शिरलो. हिरो बिचारा शेजारी तीन तास राबत होता.

ग्रुपवर माफी टाइप करायला घेतली, तेवढ्यात जवळच्याच सोनागिरीच्या आपटेकाकांचा मेसेज आला. नवा सिनेमा सगळ्यांच्या आधी पाहिल्याचं सांगणारे तेच ते.

"क्या बात पकडी, भाईसाहब! मी तर पहिल्याच दिवशी पाहिला. हिरो कुठेच नाही, तरी त्याची उणीव मलासुद्धा जाणवली नाही."

मी माफी पुसली आणि लिहिलं, "काका, तुमच्यासारखा जाणकार प्रेक्षक मिळायला भाग्य लागतं."