फारसीच्या तासाला मी एकटा

पिंपरीत पहिले कारखाने उठत होते, तेव्हाची गोष्ट सांगतो राव. मी मोशीहून सायकलनं पुण्याला कॉलेजात जायचो. बी.ए.ला पुढं काहीही घ्या, सुरुवातीला एक जुनी भाषा सक्तीचीच होती. घरात कुणी शिकलेलं नव्हतं, विचारणार कुणाला? मी आपली फारसी लिहून दिली. वर्गात जाऊन बघतो तर बाकी सगळे संस्कृतला, इथं मी एकटाच!

बाकीच्या तासांना माझी गावाकडची बोली ऐकून पोरं हसायची, म्हणून मी दिवसभर गप्पच असायचो. दिवाळीपर्यंत जीव पार विटला. शेवटी फारसीच्या म्हाताऱ्या सरांना म्हणालो, "सर, मी विषय बदलतो."

"का रे? जमत नाही?"

"जमतंय, पण करमत न्हाई. वर्गात मी एकटाच असतो."

सरांनी पुस्तक मिटलं. जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "एकटा कसा? मी असतो की!"

मी खाली बसलो.

पुढच्या वर्गात गेल्यावर ती सक्ती संपली, तरी मी त्या तासाला जाऊन बसायचो. आता कशाला येतोस, असं सरांनी कधी विचारलं नाही.