धुण्याचा दगड

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक भाऊ आणि बहीण उभी होती. जंगलातून नुकतीच उतरली असावीत. दोघांच्या बुटांना ओला चिखल होता.

“इथून अर्ध्या तासाची तर वाट, ताई. बाबा गवंडी, तरी त्यांनी ते पडकं प्रार्थनाघर आपल्याला कधी दाखवलं नाही.”

“का ते कळलं ना आता! तिथलं ते निळसर दगडाचं अर्धं थडगं पाहिलंस ना?”

“निळसर दगड काय, ढिगानं असतात.”

“अशी तिरकी तुटलेली कड कुठं असते रे? घरी तशाच कडेवर माझा अंगठा फुटला होता.”

“म्हणजे मागच्या दारचा आपला धुण्याचा दगड…”

“त्या थडग्याच्या दगडाचा खालचा अर्धा तुकडा आहे. आणि थडगं लहान मुलाचं, केवढंसं होतं बघ.”

“आई आत्ताही तिथंच धुणं घेऊन बसली असेल.”

“फोन लाव. पण एकदम सांगू नकोस, हाय खाईल ती.”

“आई, ऐक ना, आम्ही जंगलातल्या त्या पडक्या… काय? कधीपासून?”

“काय म्हणतेय?”

“बाबांनी दगड उलटा बसवला, तेव्हाच तिनं खालची अक्षरं पाहिली होती.”

“अगं बाई! म्हणून त्यावर कुणाला कपडे आपटू देत नव्हती!”

“थांब, काहीतरी विचारतेय.”

“काय?”

“म्हणते, आपल्या तुकड्यावर नुसतं वय आहे, चार वर्षं. तिकडच्या तुकड्यावर त्या लेकराचं नाव वाचता आलं का?”