येसू पाथरवटाची चौकट

ऐका. पुढं सरका रे, मी ओरडून सांगणार नाही.

वैजयंता दिल्लीला शिकून गावी परतली, ती राजेसाहेबांचा हरवलेला शिकारबंगला शोधायला. तिला वाटलं होतं, उंच कमानी असतील, भिंतींवर वाघांची मुंडकी असतील. सापडलं काय? घाणेरीच्या जाळीत घोट्याएवढं जोतं आणि एक दगडी चौकट. बस्स!

तिथवर ती गेली कशी, ते ऐका. दिवसाही वाट दाखवायला कुणी तयार होईना. गोदाकाकू, तिची चुलती, म्हणाली, "पोरी, तिथं येसू पाथरवट आहे. मान मागतो."

"कसला मान?"

आता हिला काय सांगावं! आपल्याकडं चौकट बसली की मालक गवंड्याला टॉवेल-टोपी देतो, नारळ देतो, मगच आत पाऊल टाकतो. खरं ना? राजेसाहेब मात्र पाहुण्यांना घेऊन बुटांसकट निघाले. चौकट घडवणारा येसू दारात आडवा झाला. "मान झाल्याबिगर आत नाही!" दुसऱ्याच दिवशी राजानं त्याला वाघ उठवायच्या हाक्यात सगळ्यांत पुढं उभा केला. तो परत आला नाही. बंगलाही टिकला नाही.

"म्हणजे बांधणाऱ्याला मारलं आणि तुम्ही त्यालाच घाबरता?" वैजयंता पेटली. "उजेडात दाखवत नाही ना? मग अंधारात शोधते!"

निघाली. हातात बॅटरी. ओढा ओलांडला, अन् आवाज आला. टक्. टक्. दगड घडवणाऱ्या टाकीचा! ही थांबली की तो थांबे. ही चालली की टक्, टक्. चौकट दिसली, आणि बॅटरी गेली. हिनं पाऊल आत टाकलं. मागं वळून चाचपते, तर चौकटच नाही. तिच्या जागी घोट्याएवढा गार दगड!

टक्. ओलांडायला पाय उचलला, तो जोतं गुडघ्याला आलं. टक्. कमरेला. चारी बाजूंनी थरावर थर!

"मालक कोण?" अंधार बोलला.

"राजाचं राज्य गेलं! मालक कुणी नाही."

टक्. छातीला. "मग मान कोण देणार?"

 पण पोरगी वाकली नाही. ओढणी काढली, घडी केली, दोन्ही हातांवर धरली. "आत मी आले, मान मी देते. घ्या, येसूबाबा."

ओढणी हातातून गेली. पण भिंत? टक्. गळ्याला!

मग मात्र ती खवळली. "मान घेतला ना? अहो, कसले पाथरवट तुम्ही? दार न ठेवता भिंत बांधताय! लोक काय म्हणतील?"

टाकी थांबली.  मग एक दगड सरकला, माणूस आडवा होऊन निघेल एवढाच. ती निघाली. कोपरं सोलली, चप्पल आतच राहिली. धावत सुटली ती गोदाकाकूच्या ओट्यापर्यंत!

सकाळी काकू कोपरांना हळद लावत म्हणाली, "जिवानिशी सुटलीस. आता पुन्हा त्या वाटेनं जायचं नाही. कुणीच नाही."

"इतकी वर्षं कुणी गेलं नाही, काकू, म्हणून तर येसूबाबा अजून काम संपवून घरी आले नाहीत. तुमचा कोयता कुठंय?"

"कशाला गं?"

"घाणेरी तोडायला. सगळं गाव त्यांना मान द्यायला गेलं पाहिजे. ओढ्यापासून चौकटीपर्यंत बैलगाडी जाईल एवढी वाट करायची. आजच कामाला लागते."