सापडलेल्या कार्डाचा फोटो

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अण्णासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, बँकेचे अधिकारी आणि कर्मचारी, चांद्याहून आणि पिरंगुटहून आवर्जून आलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या शुभांगीताई,

ताईंची सोलापूरला बदली झाली. नोकरी बँकेच्या पिरंगुट शाखेत असली तरी त्या राहिल्या चांद्यात, आमच्या शेजारी. वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मी पुष्कळ भाषणं केली, पण आज मनात एकच प्रसंग आहे. कैलास समोरच बसलाय. त्याला सकाळी विचारलं, सांगू का? म्हणाला, “सांगा की. लोकांना कळू द्या.”

कैलास शाळेची व्हॅन चालवतो. गेल्या वर्षी एका रविवारी पिरंगुटच्या बसथांब्यापाशी त्याला एक एटीएम कार्ड पडलेलं दिसलं. दुसरा कुणी तुडवून गेला असता. कैलासने उचललं, पुसलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि गावाच्या ग्रुपवर टाकले: ‘कुनाचं हाय? घेऊन जावा.’ यात वाईट काय, सांगा बरं? आम्ही कौतुकाने अंगठे दाखवले. कुणी ते फोटो नांद्याच्या ग्रुपवर पाठवले, कुणी महाळुंग्याच्या. एकाने तर खाली लिहिलं, ‘हे रत्नाकाकूंचं,’ आणि काकूंचा फोन नंबरही देऊन टाकला.

ताई त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होत्या. फोन पाहिला आणि त्यांचा हात ताटातच थांबला.

“कैलासदादा, ते फोटो काढून टाका. सगळ्यांच्या फोनमधून जातील असे.”

“का वो ताई? मी काय चोरलंय व्हय?”

“तुम्ही नाही. पण पुढचे आकडे, मागचे तीन आकडे, सगळं दिसतंय. आधी काढा!”

त्याने काढले. पण पुढे गेलेले कसे परत येणार?

काकूंना फोन लावला, तर व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्तच. हेल्पलाइनवाले म्हणाले, कार्ड बंद करायचं तर खातेदारानेच बोलायला हवं. काकूंच्या मुलीचं, जुईलीचं, हृदयाचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. त्यासाठी जमिनीचा तुकडा विकला होता, आणि ते सगळे पैसे त्याच खात्यात होते.

“निरंजनदादा, गाडी काढा,” ताई म्हणाल्या. खरकटा हात तसाच.

मंडळी, काकूंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या वाटेवर ताई मागे बसून सारखा फोन लावत होत्या आणि मला मागून फक्त ती व्यस्तची टूं-टूं ऐकू येत होती.

काकू ओट्यावर बसल्या होत्या. फोन कानाला, चष्मा नाकावर. “व्हय, आकडं बरूबर हायेत. आता मेसेज आलाय त्यो वाचू? थांबा हां... चार... सात...”

“काकू, थांबा!” ताई ओरडल्या.

“अगं, बँकेचं मानूस हाय. कार्ड बंद करतंय बिचारं. समदा नंबर त्यानंच सांगितला मला.”

“काकू, बँकेचं माणूस मी आहे.” ताईंनी फोन काढून घेतला आणि तो मेसेज मोठ्याने वाचला. कार्ड बंद करण्याचा तो नव्हताच. कुठल्याशा दुकानातल्या मोठ्या खरेदीचा होता. काकूंच्या नाकावरचा चष्मा खाली पडला.

काकूंच्याच फोनवरून कार्ड बंद होईतो तो माणूस मध्ये मध्ये फोन करत होता. पहिला गोडवा गेला, शिव्या आल्या. काकू जुईलीला घट्ट धरून बसल्या होत्या. शेवटी हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, “कार्ड बंद झालंय.” पैसे जागेवर होते. तेव्हा कुठे काकू रडल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संध्याकाळी देवळापाशी माणसं जमली आणि कुणीतरी बोललं, “कैलास त्यांच्यातलाच नसंल कशावरनं?” कैलास काळाठिक्कर पडला. “आता रस्त्यात कायबी पडू द्या, मी न्हाई वाकनार,” एवढंच म्हणाला.

ताई पुढे झाल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. “ज्याने उचललं त्याला बोलताय? ते फोटो पुढे कुणी पाठवले? काकूंचा नंबर कुणी दिला?” सगळ्यांच्या माना खाली. माझीही. मग त्यांनी कैलासलाच शेजारी बसवून शिकवलं. त्याने फोनवरच्या फोटोत बोटाने आकड्यांवर रेघ ओढली. ताईंनी उजेड वाढवून दाखवलं, खालून आकडे दिसतच होते. “रेघ नको, पूर्ण काळा चौकोन. नावापुरतं उघडं ठेवा. आणि खरं तर फोटोच नको, कार्ड शाखेत आणून द्या.”

कैलास मात्र पुढे कितीतरी दिवस मान वर करून चालला नाही. जुईलीचं ऑपरेशन नीट पार पडलं. तिला घरी आणायची वेळ आली तेव्हा नातेवाइकांनी दोन गाड्या तयार ठेवल्या होत्या. रत्नाकाकू म्हणाल्या, “माझी पोर कैलासच्याच गाडीतनं घरी यील.”

ताई, त्या दिवशी तुम्ही पैसे वाचवलेत, हे बँक सांगेलच. आमचा माणूस वाचवलात, हे गावाने सांगायला हवं, म्हणून मी उभा राहिलो.

बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकल्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार. भरून आल्यामुळे कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. ताई, सांभाळून जा. चांद्याला येत राहा.