ओले सिरॅमिक ब्रेक

स्पोर्ट्स कार मी आयुष्यात एकदाच चालवली, धुळ्याला, मित्र सुनीलची. "ब्रेक सिरॅमिकचे आहेत. स्टीलपेक्षा हलके, म्हणून खड्ड्यात गाडी आदळत नाही," तो सांगत होता. गाडी नुकतीच धुतलेली होती. खड्डे खरंच जाणवेनात, म्हणून मी जरा वेग घेतला.

वळणावर ट्रॅक्टरला जोडलेली कापसाची ट्रॉली उभी होती. ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना. सगळा जोर लावला, तेव्हा कुठे वीतभर अंतरावर थांबली.

"ओले असले की उशिरा पकडतात," सुनील हळूच म्हणाला.

ट्रॅक्टरवरून एक आबा उतरून खिडकीशी आले. माझा पाय अजून ब्रेकवर दाबलेलाच होता, तो त्यांनी पाहिला.

"भाऊ, आते पाय काढी ले," ते शांतपणे म्हणाले. "गाडी थांबनी शे."