चांदणीच्या पाठीवर गौरी

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी शुक्रवार पेठेतल्या गौरीची आई. बोला म्हणाले म्हणून उभी राहिले, पण काय बोलायचं ते अजून कळत नाही. मनीषाताईंविषयी 'होत्या' म्हणायचं, तेच जिभेला जमत नाही.

तुमच्यापैकी बरेचजण मुलांना घेऊन त्यांच्या मैदानावर येत होतात. आमची गौरी नऊ वर्षांची. जन्मापासून तिला मान, कंबर सावरत नाही. ताई फिजिओथेरपिस्ट. गौरीला घोडीवर बसवू या म्हणाल्या, तेव्हा माझ्या सासूबाई सांगोल्याहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जमिनीवर बसंना पोरगी, अन् घोडीवर बसंल व्हय?"

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, मलाही आज सांगता येत नाही. तुम्ही शेजारनं चाला, आपण बघू."

एका बाजूनं ताई, एका बाजूनं सासूबाई. चांदणी घोडी डुलायची, तशी वर गौरी डुलायची. असे कितीतरी महिने गेले. मग एकदा ताईंनी आधाराचा हात काढला, आणि गौरी बसलेलीच राहिली. सासूबाई तिथंच मातीत बसल्या की. घोडीनं नेमकं काय केलं, ते ताईंनी मला खूपदा समजावलं. मला कळलं नाही. आता कुणाला विचारू?

ताई झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी तर माझ्याशी फोनवर बोलल्या. डॉक्टरांनी कारण सांगितलं म्हणे. तेही मला कळलं नाही.

गौरीला काय सांगायचं? तिचे बाबा म्हणाले, गावाला गेल्यात म्हणून सांग. सासूबाई म्हणाल्या, "खोटं नगं." मी खरं सांगितलं. गौरी हसली. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

रविवारी तिला मैदानावर नेलं. घोडीवर बसवलं. चांदणी हलेना. "चल" म्हणायच्या त्या नेहमी ताईच. आम्ही सगळ्यांनी म्हणून पाहिलं. हलेना. मग गौरी म्हणाली, "चल." जिला दोन-चारच शब्द येतात, ती म्हणाली. आणि घोडी चालली.

मी शेजारून चालत होते. रडू का हसू, समजत नव्हतं. गौरी मात्र सारखी मागं वळून बघत होती. तिला कळलंय? की ती अजून ताईंची वाट बघतीय? मला माहीत नाही.

आता आपण ताईंसाठी थोडा वेळ शांत उभं राहू. गौरी आणि बाकीची मुलं मधेच आवाज करतील. कुणी त्यांना गप्प करू नका. ताईंनी कधी केलं नाही.