एकटी म्हणजे किती जणी?

...आणि वरून मलाच बोलतात! म्हणे, जमनाकाकूंनी पोलिसाला उन्हात उभं केलं! अहो केलं, केलं उभं, नाही कुठं म्हणते मी? वैशाख महिना, सकाळचे अकरा, आपल्या नंदुरबारचं ऊन म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, गच्चीवर पापड वाळत घातला तर भाजूनच खाली येतो... आणि तो बिचारा दलसिंग, पोलीस, गेटबाहेर टोपी काढून घाम पुसतोय, आणि मी आतून साखळी लावून विचारतेय, "ओळखपत्र?" तो म्हणतो, "मावशी, मी दलसिंग." म्हटलं, "ते दिसतंय मला. ओळखपत्र?" "मावशी, ते दुसऱ्या ड्रेसच्या खिशात राहिलं." "मग जा, घेऊन ये." गेला हो बिचारा! मोटारसायकलला किक मारून गेला, परत आला, कार्ड दाखवलं, मी चष्मा लावून कार्डावरचा फोटो आणि समोरचं तोंड दोन वेळा ताडून बघितलं, तेव्हा साखळी काढली. आता तुम्हीच सांगा, आदल्याच गुरुवारी मला कोण बजावून गेलं होतं, की मावशी, ओळखपत्र बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही, अगदी पोलीस असला तरी नाही, आजकाल चोरसुद्धा खाकी घालून येतात? हाच! मग? नियम काय मी केलाय का?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही पण आमच्या समोरच्या हेमांगीसारखं अर्धंच ऐकून ग्रुपवर टाकाल. तर माझा मुलगा ललित, तो सुरतला. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्याचं एकच, "मम्मी, घराला कुलूप लाव आणि इकडे ये." अरे, जाऊन काय करू? चौदाव्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या मोजू? नाही म्हटलं. मग त्यानं काय केलं, आपल्या पोलिसांची ती योजना आहे ना, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी, आठवड्यातून एकदा पोलीस घरी येऊन बघून जातो, त्यात सुरतेत बसल्या बसल्या मोबाईलवरून माझं नाव टाकलं. मला विचारलं? छे! मला कधी कळलं? दारात पोलीस उभा राहिला तेव्हा!

पहिल्या दिवशी तर मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, ललितनं काही केलं की काय! तो आपला शांतपणे वही उघडून विचारतोय, "तब्येत कशी आहे? बीपीची गोळी घेतली का? रात्री गॅसचं बटण बंद करता का? कोणी अनोळखी येतं का? कोणी ओटीपी मागितला का?" म्हटलं, साहेब, ओटीपी राहू द्या, माझ्याकडे चार वर्षांत कोणी वाटीभर साखर मागायला आलेलं नाही! तो हसला नाही. लिहून घेतलं वहीत. "अनोळखी व्यक्ती, निरंक." आणि मग म्हणतो, "मावशी, फोटो काढावा लागेल. ॲपवर टाकायचा असतो. घरात, एकट्याच, फ्रेममध्ये दुसरं कोणी नको." मी पदर सारखा केला आणि उभी राहिले भिंतीला टेकून, आता भिंतीला टेकून पोलिसानं फोटो काढला म्हणजे बघणाऱ्याला काय वाटणार? समोरून हेमांगी पडद्याच्या फटीतून बघतेय! संध्याकाळी आली, "काकू, काही केस वगैरे आहे का?" म्हटलं, आहे ना, तीनशे दोन, शेवग्याच्या शेंगा चोरणाऱ्या एकीला मारलंय! तेव्हापासून माझ्या झाडाच्या शेंगा मोजून जागेवर आहेत, एवढा फायदा झाला.

पण खरं सांगू का तुम्हाला... हसू नका हं... दोन-तीन महिन्यांत मला त्या गुरुवारची सवय झाली. बुधवारी संध्याकाळीच मी आलं आणून ठेवायची. कॉटनची चांगली साडी गुरुवारी नेसायची. दलसिंग अकराला यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, तेच पाच प्रश्न विचारायचा, आणि मी त्यांची पाऊण तास उत्तरं द्यायची. बीपीच्या गोळीवरून सुरू व्हायची ती माझ्या माहेरच्या केळीच्या बागेपर्यंत पोचायची! तो ऐकायचा हो. सगळं ऐकायचा. आता म्हणाल, पोलिसाला काय, ड्युटी आहे त्याची. असेल! पण आठवड्यातून एकदा कोणीतरी दार वाजवून "मावशी, जेवलात का?" विचारतंय, तर ते ड्युटी म्हणून विचारतंय की आणखी कशासाठी, याची चौकशी मी कशाला करू? मी काय पोलीस आहे?

आणि त्या श्रावणात तर... दोन दिवस तापानं फणफणले होते मी, उठून पाणी घ्यायची ताकद नाही. मोबाईल हॉलमध्ये, मी आत पलंगावर. गेटला दुधाच्या दोन पिशव्या तशाच लटकलेल्या. अख्खी कॉलनी त्या पिशव्यांवरून गेली, आली, कोणाला काही वाटलं? गुरुवार होता म्हणून वाचले! दलसिंगनं बेल वाजवली, हाका मारल्या, पिशव्या बघितल्या आणि सरळ कंपाउंडवरून उडी मारली, वर काचा लावल्यात त्याला काय ठाऊक, पँट टर्रकन फाटली, तसाच मागच्या दारानं आत आला, रिक्षा बोलावली आणि मला दवाखान्यात नेलं. आणि आमच्या कॉलनीनं काय केलं? व्हिडिओ! "जमनाकाकूंच्या घरी पोलिसांची धाड, पाहा थेट!"

दवाखान्यात सलाईन चालू होतं, तेव्हा हा स्टुलावर फाटकी पँट पिशवीनं झाकून बसलेला. म्हटलं, "तुला कसं रे सुचलं?" हा तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यावरचा. म्हणाला, "मावशी, आमच्याकडे घरं लांब लांब असतात, एक या टेकडीवर तर दुसरं त्या टेकडीवर. पण सकाळी एखाद्या घरातून धूर निघाला नाही ना, की शेजारचा माणूस खाली-वर करत बघायला येतो. इथं भिंतीला भिंत आहे, पण धूर कोणाचाच दिसत नाही."  

आता खरी गंमत ऐका. दिवाळीनंतर एके दिवशी रिक्षा थांबली आणि उतरली कोण? माझी नणंद तापीबाई, कोरीटहून! सोबत एक ट्रंक, ज्वारीची गोणी आणि डब्यात गावरान तूप. "आठ दिन ऱ्हासू न चालनी जासू," असं रिक्षावाल्याला सांगितलं. मला नाही! कारण आम्ही दोघी बोलत नाही. अडतीस वर्षं झाली. ललितच्या बारशाला आत्याच्या मानानं तिनं कानात नाव सांगितलं गोकुळ, आणि मी शाळेच्या दाखल्यावर लिहिलं ललित. झालं! ती अजून त्याला गोकुळच म्हणते, आणि माझ्याशी बोलायचं असलं तर फ्रिजशी बोलते. "कोनी दूध गॅसवर ठेयेल व्हई ते पहा, उतू जाई ऱ्हायनं!" मी पण काय कमी आहे? मी कॅलेंडरला उत्तर देते. आणि माझ्या हातचं तिला चालत नाही, माझं वरण म्हणे पाण्यासारखं! मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, काटक्या आणल्या, तिची भाकरी वेगळी, तिचं वरण वेगळं. आठ दिवसांचे दोन महिने झाले, तुम्हाला सांगते, बाई हलायचं नाव नाही!

आणि ती आली त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, ही मागं चुलीशी असताना, दलसिंग म्हणाला, "मावशी, याद्या नव्यानं तपासायला सांगितल्यात. म्हातारी माणसं वाढली, आम्ही आहोत तेवढेच. घरात दुसरं कोणी राहायला आलं असेल तर सांगा. नाव कमी करावं लागेल."  नाव कमी? म्हणजे गुरुवार बंद? म्हणजे आता दारात पिशव्या लटकल्या तर... मी तोंड उघडलं आणि सरळ खोटं बोलले. "नाही रे बाबा, मीच एकटी!" आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाशी खोटं बोलले! काय करणार? नियम काय मी केलाय का?

झालं, तेव्हापासून दर गुरुवारी पावणेअकरा वाजले की नणंदेला लपवायचं. पण सांगणार कसं? बोलणं तर नाही! मी कॅलेंडरला सांगायची, "ज्यांना कोणाला या घरात राहायचंय, त्यांनी अर्धा तास कोठीत बसावं." ती फ्रिजला म्हणायची, "मी काय चोर शे का? मन्हा भाऊनं घर शे!" पण जायची हो. गोण्यांच्या खोलीत दार लावून बसायची. बाहेर मी तिच्या चपला उचल, तिची काठी पलंगाखाली सरकव, तपकिरीची डबी माझ्या कमरेला खोच... एकदा दलसिंग म्हणाला, "मावशी, तपकीर कधीपासून?" म्हटलं, "एकटेपणानं रे!" असे पाच गुरुवार काढले मी! बीपी वाढलं माझं! एकटं राहण्यात एवढी धावपळ असते, हे मला एकटी होते तेव्हा माहीत नव्हतं.

सहाव्या गुरुवारी... मी गॅसवर चहा ठेवलाय, दलसिंग वही काढून बसलाय, मी म्हणतेय, "नाही रे, माणसाचा आवाजसुद्धा ऐकायला मिळत नाही घरात," आणि कोठीतून खणखणीत आवाज, "कोनी चहा करी ऱ्हायनं व्हई ते सांगा, माले बी अर्धा कप!"

संपलं. मी ओट्याला धरून उभी.  दलसिंगनं वही मिटली, उठला, कोठीचं दार उघडलं, आत ही ज्वारीच्या गोणीवर मांडी घालून बसलेली! मी रडायलाच लागले हो. म्हटलं, "दलसिंग, खोटं बोलले मी, काय ती शिक्षा कर, पण माझं नाव काढू नकोस रे. दोन दिवस पडून राहिले होते, आठवतं ना तुला? ही आज आहे, उद्या रुसून जाईल कोरीटला, मग?"

आणि तो काय म्हणाला माहितेय? "मावशी, मला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं. तुम्ही पुढं गॅसवर चहा करत होता आणि मागून धूर येत होता. म्हटलं, सांगतील कधीतरी."

बघा! आणि मी पाच आठवडे चपला लपवतेय! मग तो तापीबाईकडे वळला, म्हणाला, "आजी, नाव कमी करावं लागेल यांचं. तुम्ही आहात ना सोबतीला." तर ही गोणीवरून उठली, काठी नाही, चपला नाही, अशीच उभी राहिली आणि म्हणाली, "सोबत कसानी भाऊ? आम्ही बोलतस का? मन्हा घर सात मानसे शेतस, पोरं, सुना, नातू. सात मानसेसमा बी मी एकलीच व्हतू ना. आठे बी एकलीच शे. लिखी ले मन्हं बी नाव."

 इतके दिवस मी समजत होते, ही मला छळायला आलीय. बाई एकटेपणाला कंटाळून आली होती! सात माणसांच्या घरातून, आणि इथंही एकटीच! कोणी सांगितलं मला? फ्रिजला तरी सांगायचं होतं!

दलसिंगनं डोकं खाजवलं. मग मागच्या अंगणात गेला, ती तीन विटांची चूल बघितली, मागचं दार उघडून बघितलं, आला आणि म्हणाला, "स्वयंपाक वेगळा?" "वेगळा." "दार वेगळं?" "वेगळं." "बोलणं?" दोघी गप्प. "आमच्या पाड्यावर ज्याचा धूर वेगळा, त्याचं घर वेगळं. साहेबांना तसंच सांगतो, बघू काय म्हणतात." साहेब काय म्हणाले देव जाणे, पण पुढच्या आठवड्यात यादीत दोन नावं! जमनाबाई, पुढचं दार. तापीबाई, मागचं दार. दोघी एकट्या! हेमांगीनं ग्रुपवर टाकलं, "काकूंच्या घरी आता दोन पोलीस केस."

तर आता असं आहे, गुरुवारी माझा पोलीस, सोमवारी तिचा. माणूस तोच, दलसिंगच, पण सोमवारी तो मागच्या दारानं येतो, आजी म्हणतो, चुलीवरची भाकरी आणि तूप खातो. दीड तास बसतो! माझ्याकडे पाऊणच तास बसायचा! पण मी काही म्हणत नाही, जाऊ दे, तिलाही कोणीतरी विचारायला हवं. फक्त एकच अडचण आहे, तो फोटो. फोटोत दुसरं माणूस दिसता कामा नये. म्हणून सोमवारी पावणेअकरा वाजले की ही काठी आपटत पुढच्या खोलीत येते, फ्रिजकडे बघत नाही, सरळ माझ्या तोंडाकडे बघते, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा, पहिल्यांदा हो, माझं नाव घेऊन माझ्याशी बोलते. काय बोलते माहितेय?

"जमना, चाल, कोठीमा बस. मन्हा पोलीस ई ऱ्हायना."

बसते बापडी.